जावयाची पिशवी

आपल्या मालाची झडती घेतली म्हणून ज्याला मनापासून आनंद होतो, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. जहाजावरची इंजिनिअरकी संपल्यावर मामा सिंगापुरातच राहिले आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या मळ्यांतून भाजी आणायचं रीतसर लायसन्स काढून जुन्या व्हॅनमधून दुधी, पडवळ, केळफूल असं काय काय मराठी घरांना पुरवू लागले. सीमेवर वुडलँड्सच्या चेकपॉइंटवर रांग दिसली की बाकीचे व्हॅनवाले कपाळाला हात लावत. मामा खिशातून कंगवा काढून भांग पाडत. एकदा इन्स्पेक्टरने पाचपैकी चारच खोकी उघडली, तर मामांनी त्याला परत बोलावून पाचवं उघडायला लावलं आणि एकेक केळफूल हातात घेऊन दाखवलं. मागच्या ड्रायव्हरांनी तेव्हा मामांचा तीन भाषांत उद्धार केला. सख्खी बहीण कोल्हापूरहून आली आणि लोणच्याची बरणी न दाखवताच विमानतळाबाहेर पडली, हे कळल्यावर त्यांनी तिला टॅक्सीतून उतरवून पुन्हा अधिकाऱ्यासमोर उभं केलं. ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

या वेडाचं मूळ त्यांच्या लहानपणात होतं. त्यांचे वडील बेळगावहून कोल्हापूरला भाजी आणायचे. हद्दीवरच्या नाक्यावर गाडी अडायची, चांगले चार कोबी उतरवले जायचे आणि सडका माल मात्र बिनबोभाट पुढे जायचा. त्यामुळे मामा म्हणत, "इथलं सरकार माल अडवतं ते लोकांच्या पोटासाठी, स्वतःच्या नाही." त्यांच्या दृष्टीने व्यापाराची प्रतिष्ठा त्या झडतीतच होती.

मी सिंगापुरातच जुरोंग ईस्टच्या ऑफिसात नोकरीला होतो. शनिवारी हवापालट म्हणून मामांबरोबर जायचो. मला ते एक खोकंही उचलू देत नसत, कारण मी जावई. माझं काम एवढंच, पुढे बसायचं आणि मातीसकट रोप आणण्यावरच्या बंदीचे नियम ऐकायचे. ते मला तोंडपाठ झाले होते, हे मुद्दाम सांगतो.

जोहोरला पाम तेलाच्या कारखान्यात माझा एक मित्र होता. त्याने परसात कोकणातलं वडीचं अळू लावलं होतं. नुसती पानं घेतली असती तर मामांना ती झडतीत रीतसर दाखवता आली असती. पण मला आमच्या बाल्कनीत अळू हवं होतं. मित्राने ओल्या मातीसकट एक गड्डा उपटून दिला, आणि मी तो ऑफिसच्या पिशवीत घालून सीटमागे, खोक्यांच्या आड सरकवला.

त्या दिवशी इन्स्पेक्टरने पिशवी उघडली. ही कोणाची, असं त्याने विचारलं. मी माझ्या बुटांकडे बघत उभा राहिलो. मामांनी पिशवीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "व्हॅन माझी, लायसन्स माझं, म्हणजे हेही माझंच."

सगळी भाजी नष्ट केली गेली आणि पुढे लायसन्सही गेलं. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, तेव्हा नूतनीकरणाला गेला होता, म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. पासची आठवण मला घरी आल्यावर झाली. तिथे मी नुसताच घाबरलो होतो. बायको म्हणाली, मामांचं वय झालं, विसरायला लागलेत. त्यावर मी चक्क मान डोलावली. हे लिहितानाही कान तापतात.

सहा महिन्यांनी मामांच्या फ्लॅटवर जाऊन मी एकदाचं सांगितलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"पिशवी मला निघतानाच दिसली होती. वर तुमच्या ऑफिसचं नाव होतं," ते म्हणाले. "बहिणीला टॅक्सीतून उतरवलं मी. पण जावयाच्या पिशवीत हात घालायचा संकोच वाटला. तपासायला हवी होती. चूक माझीच, जावईबापू."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चहा टाकायला उठले आणि मला जागचं हलू दिलं नाही.

मामा आता नाहीत. त्यांना ओळखणारं कुणी भेटतं, तुम्ही त्यांचे कोण म्हणून विचारतं. जावई, असं सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही.