आपोआप साठलंय की अडवलंय?

माझ्या सासऱ्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या वॉटफर्डमध्ये सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर बाबा आधीच त्याच्याशी भांडून आलेले असतील. जन्मभर इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलात डॉक्टरकी केली, पण पाणी दिसलं की यांचा पहिला प्रश्न, "आपोआप साठलंय की अडवलंय?" पार्कातल्या बदकांच्या तळ्यावरूनसुद्धा त्यांनी कौन्सिलला पत्रं लिहिली आहेत. कारण ठाऊक आहे हो आम्हाला. ते कॉलेजात असताना त्यांचं गाव धरणाखाली गेलं. पण म्हणून माणसाने सगळ्यांच्या हॉलिडेची वाट लावावी?

यंदा आल्प्समधल्या एका टाउनला गेलो. तीन महिने आधीपासून बाबा नकाशा उघडून बसलेले. टाउन कुठल्या उतारावर, नदी कुठून उतरते, सरोवर किती खाली, भिंत कुठे, सगळं तोंडपाठ. ब्रोशरमधल्या 'लेक'वर लाल पेनने काट मारून 'धरण' लिहिलेलं! बोटीत बसलो. काठोकाठ निळंशार पाणी बघून मला आपलं भरून आलं. घरून आणलेला नारळ पिशवीतून काढला, म्हटलं जलपूजन करू या. बाबा ताडकन उठले. "जावईबापू, ठेवा तो नारळ! खाली कोणाची घरं आहेत, विचारलंत?" मग गाइड मुलीकडे वळून इंग्रजीत, "बुडालेल्या गावाचं नाव सांग." तिला कुठलं माहीत असणार! "मग नाव कळेपर्यंत मी उतरणार नाही."

आणि खरंच नाही उतरले! बोट धक्क्याला लागली, बाकीचे उतरले, पुढची रांग ताटकळत उभी, हे आपले ढिम्म. बायको म्हणतेय, "बाबा, प्लीज! इट्स सो एम्बॅरसिंग!" माझं तर डोकंच सटकलं. म्हटलं, "अहो, त्या गावाशी तुमचा काय संबंध?"

तेवढ्यात बोट चालवणारा म्हातारा जवळ आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझ्या आईचं गाव ते," आणि नाव सांगितलं. बाबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. चुकलं तिथे त्याने सुधारलं. मग त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमचंही बुडालंय ना? काय नाव?"

बाबांनी सांगितलं. त्यानेही ते दोनदा म्हणून पाहिलं.

वीस वर्षं मी त्यांचा जावई आहे. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कधी विचारलंच नव्हतं.