मुलुंडचं घर आणि खिडकीतल्या काकू

मंडळी, घर ठरलं!! आत्ताच आम्ही परत आलोय, चहाही घेतला नाही, आधी तुम्हाला सांगतेय.

सकाळी मुलुंडला एक टॉवर बघितला. स्विमिंग पूल, बाग, सगळं झकास. पण लिफ्टमध्ये कोणी मान वर करून बघेना.

मग एजंटने एक जुनी, चार मजली सोसायटी दाखवली. आम्ही वर खोल्या बघतोय, तोवर आमची सात वर्षांची ओवी खाली कंपाउंडच्या भिंतीवर चढली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक काकू कडाडल्या, "ए पिवळ्या फ्रॉकवाली! उतर आधी! पडलीस तर तुझ्या आईला काय सांगू मी?"

ओवी मुकाट उतरली. माझं ऐकत नाही कधी!

एजंटचा चेहरा पडला. "मॅडम, त्या सगळ्यांच्याच पोरांना ओरडतात. मनावर घेऊ नका."

मी नवऱ्याला म्हटलं, "सचिन, हेच घर घ्यायचं रे!"

आम्ही दोघं कामावरून येईपर्यंत रात्र होते. तोवर पोरीला हक्काने ओरडणारं कोणीतरी हवंच होतं ना!

निघताना काकूंना नमस्कार केला, तर म्हणाल्या, "पोरीला एकटीला खाली सोडून वर काय बघत होतीस गं?"

तुमच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला कोण ओरडतं?