झटका न घेणारी ग्लोरिफे

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या त्या बांधकामावर वायरमनच्या टोळीचा एक जुना रिवाज होता. नवा शिकाऊ आला की पहिल्या शनिवारी त्याचा 'बाप्तिस्मा' व्हायचा. टोळीचा म्होरक्या तेबान, ज्याला सगळे मानानं 'नोंग' म्हणजे दादा म्हणायचे, चालू तारेचं उघडं टोक पुढे करायचा आणि शिकाऊनं त्याला बोट लावायचं. तो किंचाळला की सगळे पोट धरून हसायचे. ज्याला वीज चावली नाही, तो विजेला मान देत नाही, असं नोंगचं म्हणणं.

ग्लोरिफेच्या कानावर हे आलं होतं. बंदरावर मासळी निवडायचं काम सोडून, आईचे टोमणे झेलत, तिनं प्रशिक्षण केंद्रात एक वर्ष काढलं होतं. उरलेलं वर्ष कामावर शिकायचं, आणि ती पास की नापास हे नोंगच सांगणार.

शनिवारी नोंगनं हाक मारली. "ये गं पोरी. मारणार नाही, नुसती ओळख करून देतो."

ग्लोरिफे सरळ बोर्डाकडे गेली. त्या तारेचं बटण तिनं खाली पाडलं, कुणी ते परत चालू करू नये म्हणून त्यावर स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. परत येऊन टेस्टर लावून पाहिला आणि मग तारेला बोट लावलं.

"झाली ओळख."

कुणी हसलं नाही. त्याच तारेवर चालणारा काँक्रीटचा मिक्सर बंद पडला होता आणि गवंडी खालून शिव्या घालत होते. नोंगनं कुलूप काढायला सांगितलं. आधी ते उघडं टोक टेप लावून बंद करा, ती म्हणाली. दागुल नावाचा जुना गडी कटर घेऊन उठला, तसा नोंगच त्याच्यावर खेकसला. दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही, हे त्यानंच प्रत्येकाला पहिल्या दिवशी बजावलेलं.

"नापास करीन हं तुला," तो तिला म्हणाला.

"करा. पण मी झटका खायला शिकायला आले नाही, नोंग. तो न खाता काम करायला आलेय."

मिक्सरमधला माल घट्ट व्हायला लागला होता. नोंगनं दात ओठ खात टेप काढली आणि टोक स्वतःच्या हातानं गुंडाळलं. ग्लोरिफेनं ते ओढून पाहिलं, मगच कुलूप उघडलं.

सोमवारी त्यानं तिला, सगळे टाळायचे त्या चिखलानं भरलेल्या तळघरात, तारांचे पाइप बसवायला धाडलं. तिनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जिना उतरली.