नवऱ्याच्या नावाची सही

माझी मावशी बायकांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तेवीस वर्षं तीच खिडकी, तीच डुगडुगती खुर्ची आणि समोर रांग. नाव काय, वय किती, कितवा महिना, आधीची मुलं किती, हे सगळं ती मान वर न करता विचारते. नवीन माणसाला वाटतं, बाई माजोरी आहे. माजोरी नाही, ती थकलेली आहे. संध्याकाळी घरी आली की चपलाही न काढता पाच मिनिटं दाराशी नुसती बसून राहते, आणि तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोलायचं नसतं. शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिने पहिला नियम हाच सांगितला होता.

थकते मीही, पण माझं थकणं तिच्या हिशेबात धरलंच जात नाही. कॉलेजातल्या आम्ही पाच मुली मिळून एक हेल्पलाइन चालवतो. दिवस गेलेत आणि नको आहेत, अशा बायकांचे फोन येतात. नवऱ्याला कळेल का, लग्न झालेलं नाही तर हाकलून देतील का, दुखतं का. तीच उत्तरं दिवसातून दहा वेळा द्यायची, तीही प्रत्येकीला पहिल्यांदाच देतोय अशा आवाजात. आमचं शरीर, आमचा निर्णय, असं मी घरात बोलायला लागले की मावशी म्हणायची, "निर्णय तुमच्या पत्रकात असतो गं. माझ्या खिडकीवर बाई येते." मला भयंकर राग यायचा. तिच्या मते आम्हा पोरींना जग ठाऊक नाही, माझ्या मते तिने जग एका खिडकीएवढंच पाहिलंय. दोघीही थोड्या थोड्या बरोबर होतो, पण कबूल कोण करणार?

एका संध्याकाळी आमची नवी पत्रकं छापून आली. त्यांतला एक गठ्ठा मी तिच्यापुढे ठेवला आणि खिडकीवर ठेवशील का, असं विचारलं. नाक मुरडत तिने चष्मा लावला. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. सज्ञान बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची सही पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची लागत नाही, असं तिथे लिहिलं होतं.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. मी नियम काढून दाखवला. तिने तो दोनदा वाचला, मग पिशवीतून दवाखान्याचा कोरा फॉर्म काढून टेबलावर पसरला. खालच्या बाजूला 'पती / पालक यांची सही' अशी जागा होती आणि कंसात, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या बारीक अक्षरात, 'वय अठराच्या आत असल्यास'. आम्ही दोघी दिव्याखाली वाकलो. 'पालक' छापलेलं होतं. 'पती' आणि ती तिरकी रेघ मात्र हाताने लिहिलेली होती. अक्षर मावशीने लगेच ओळखलं. तिला काम शिकवणाऱ्या जुन्या हेडक्लार्कचं. आपल्या मनाने त्यांनी कधीतरी तो शब्द घुसडला असणार. मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं होत होत शाई आणि छपाई एकाच रंगाची झाली. हेडक्लार्क निवृत्त झाले, वारलेही. त्यांचा शब्द बायकांना परत पाठवत राहिला.

'बघ, मी म्हणत नव्हते का?' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "मी सह्या केल्यात."

ज्यांचे नवरे सही देणार नाहीत, अशा बायकांसाठी ती स्वतःच नवऱ्याच्या नावाची सही ठोकायची. डाव्या हाताने, टेबलाखाली कागद धरून. पकडली गेली असती तर नोकरी गेली असती, वर पोलीस. स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे काकांनासुद्धा, तिने कधी सांगितलं नव्हतं. तपासणीला कुणी येणार म्हटलं की आदल्या दिवशी ती जुने फॉर्म काढून त्या सह्या पुन्हा पुन्हा ताडून बघायची. इतकी वर्षं साप साप म्हणून भुई धोपटली बिचारीने. मला हसू आलं आणि तिच्या धाडसापुढे माझी पत्रकं मला पोरकट वाटली.

पण मी पडले हेल्पलाइनवाली. कुणासाठी सही करायचीस आणि कुणाला परत पाठवायचीस, असं मी विचारलंच.

"जिला बघून पोटात तुटायचं, तिच्यासाठी करायचे," ती म्हणाली. "रडायच्या गं त्या."

रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात, ते हे असं. मी कडवटपणे म्हटलं, "म्हणजे जी रडली नाही, तिला तू नवऱ्याच्या दारात उभी केलीस."

तिने फॉर्मची घडी घातली. मग तिने सोमवारी आलेल्या एका बाईचं सांगितलं. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करणारी. सात वर्षांनी तिला वरची जागा मिळाली होती, तीस मशीनवाल्या तिच्या हाताखाली. खिडकीशी सरळ उभी राहून ती म्हणाली होती की मला आत्ता मूल नको. डोळ्यात टिपूस नाही. एवढी ठाम आहे तर आणेल सही, असं मावशीला वाटलं आणि तिने तिला परत पाठवलं. आणखी आठवडाभर उशीर झाला तर मुदत उलटून तिचा गर्भपात या दवाखान्यात होणार नव्हता. फोन करावा तर केसपेपरवर नंबर नवऱ्याचा. वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी फॉर्म घेऊन मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, अहो, मला वाटलं तो नियमच आहे. दुपारपर्यंत 'पती' हा शब्द पांढऱ्या शाईखाली गेला. इतकं सोपं होतं ते. मी कॉलेजचे तास बुडवून, त्या बाईची वाट बघत दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले. दर वेळी दार उघडलं की मावशी मान वर करायची.

शुक्रवारी ती बाई आली. मावशी खुर्चीतून उठली, खिडकीबाहेर वाकली आणि रांग डावलून तिला पुढे बोलावलं. रांगेतल्या बायका कुरकुरल्या.

"बाई, नवऱ्याची सही लागत नाही," मावशी म्हणाली. "तुमची एकटीची पुरते. चूक माझी होती."

त्या बाईने पर्समधून घडी घातलेला फॉर्म काढला आणि काउंटरवर उलगडला. सही होती. ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

"म्हणाले, आधी काम सोड, मग करतो," ती म्हणाली. "काल सोडलं."

परत घेणार नाहीत का, मीच मध्ये विचारलं. ती जागा कालच दुसरीला दिली होती. 

मावशीने नवा फॉर्म पुढे सरकवला आणि जागा बोटाने दाखवली. बाईने सही केली, पेन टोपण लावून परत दिलं.

"सोमवारी सांगायला हवं होतं तुम्ही," ती म्हणाली.

मावशी "हो" म्हणाली.