यंत्राला न कळलेली बहीण

मला ऐकू कमी येतंय, हे मला परभणीच्या थिएटरात कळलं. धाकटी बहीण पाथरीहून आली होती आणि आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो होतो. नोकरीत असताना मला दुपारचा खेळ कधी मिळाला नाही. म्हणून निवृत्तीनंतर महिन्यातून एकदा तरी जायचं असं आम्ही ठरवलं होतं. पडद्यावरचा म्हातारा काहीतरी बोलला आणि सगळं थिएटर हसलं. मी हसले नाही. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. मध्यंतरात मी म्हणाले की इथला आवाज फार खराब झालाय, नुसता घुमतो. बहिणीनं समोशाचा कागद चुरगाळला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "आक्का, आवाज चांगला हाय. तुलाच कमी यायलंय. दिवाळीपासून बघायलेय मी."

उरलेला सिनेमा मी पडद्याकडं न बघता तिच्या चेहऱ्याकडं बघत काढला. ती हसली की मी हसायचे.

आम्ही पिंगळीच्या. वडील रेल्वेत गँगमन होते आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांत गाण्याचे कार्यक्रम करायचे. गाणी त्यांचीच, चालीही त्यांच्याच. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचे. आईच्या आजारपणात बहिणीची शाळा चौथीतच सुटली. वाचायची ती अक्षर लावून लावून, पण एकदा कानावर पडलेली चाल कधी विसरली नाही. आम्ही दोघी मागं उभ्या राहून ध्रुवपद उचलायचो. ती वर जायची, मी तिच्या खालून धरायचे. पुढं मी शिकले, कचेरीत कारकून झाले. ती पाथरीला दिली. तिथं तिनं ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं आणि एकटीनं चालवलं. वडील गेल्यावर त्यांच्या चाली नीट म्हणणारी ती एकटीच उरली. हे सगळं फोनमध्ये भरून ठेवू, असं दर जयंतीला बोलणं व्हायचं आणि राहून जायचं.

तपासणीला मुलानं नांदेडला नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले आणि बारीक आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून कळलं की ते कधीचं सुरू आहे. नंतर तिनं कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडून बरी निघाली होती आणि उजवीकडं विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. उंच, बारीक आवाजांच्या नसा गेल्यात, त्या परत येत नाहीत, असं तिनं सांगितलं. कानात डिजिटल मशीन लावलं तर बोलणं कळेल.

मशीन लावल्याच्या पहिल्या दिवशी मी हरखून गेले होते. नळाचं पाणी, पिशवीची कुरकुर, माझ्याच बांगड्या. मुलगा बोलला ते निम्म्याहून जास्त कळलं. घरी आल्यावर हातपाय न धुताच मी फोनवर एक जुनं सिनेमातलं गाणं लावलं.

सुरुवातीची बासरी पत्र्यावर खिळा ओढावा तशी आली. गाणारीचा आवाज वर चढला की थरथरायचा, मग तुटायचा, मग नाहीसाच व्हायचा. फोन बिघडला असेल म्हणून दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. शब्द ओळखीचे होते, गाणं नव्हतं.

पुढच्या खेपेला त्या मुलीला विचारलं. तिनं काही झाकलं नाही. हे यंत्र बोलण्यासाठी बनवलंय, म्हणाली. माणूस बोलताना सूर लांबवत नाही. सूर लांबला की यंत्राला वाटतं ही माइक घुमतो तशी आपलीच शिट्टी आहे, आणि ते तो दाबून टाकतं. गाण्यासाठी तिनं वेगळी सेटिंग करून दिली. थरथर थोडी कमी झाली, पण बासरी बासरी झाली नाही. तेव्हा ती म्हणाली की आता कानालाच सूर ओळखू येत नाहीत, मशीन तरी काय करणार. चांगली मुलगी होती. मी तिचा राग धरला नाही. कुणाचा धरावा हेच कळत नव्हतं.

त्या महिन्यात बहीण मुद्दाम आली. सिनेमाला जाण्यात आता अर्थ नव्हता. आम्ही स्वयंपाकघरात बसलो आणि तिनं वडिलांचं एक गाणं सुरू केलं. तिचा आवाज मी पन्नास वर्षं ऐकलेला. तो वर गेला आणि माझ्या कानात फुटला, भांडं फुटावं तसा. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताणलेली होती आणि मधेमधे नुसती पोकळी येत होती. ती थांबल्यावर मी म्हणाले, बरं येतंय गं आता.

"खोटं बोलायलीस, आक्का," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी गायली नाही. मीही 'म्हण' म्हणाले नाही. आता वाटतं, म्हणायला हवं होतं. निदान फोनमध्ये तरी भरलं असतं. पण जे आपल्याला ऐकू येत नाही ते दुसऱ्यांसाठी साठवायचं, एवढं मोठं मन त्या दिवशी माझं नव्हतं.

मग मुलानं फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. कुणी बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतात. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचं बोलणं ते तंतोतंत लिहायचं. सिनेमेही मी खालच्या अक्षरांवर बघू लागले. गाणं आलं की तिथं कंसात 'संगीत' एवढंच यायचं. हिरॉईन रडत असो की नाचत असो, कंसात संगीत. त्या शब्दाकडं बघत मी कितीतरी गाणी काढली.

बहिणीचं बोलणं मात्र त्याला समजायचं नाही. ती 'जायलेय' म्हणाली की ते भलतंच काही लिहायचं. तिला मोठ्यानं आणि पुस्तकासारखं बोल म्हणून सांगितलं तर ती लाजायची आणि गप्प व्हायची. तिला लिहून पाठवायला जमत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ती फोन शिलाई मशीनला टेकवून ठेवायची, त्यात तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. ओठ दिसायचेच नाहीत. मी लॅपटॉपवर कॉल लावायचे आणि शेजारी फोनमधलं ॲप चालू ठेवायचे. लिहून येईल त्यातून अंदाजानं धागा जुळवायचे आणि काहीतरी उत्तर द्यायचे.

लग्नसराईतला एक कॉल मला शब्दन् शब्द आठवतो, कारण तो अजून फोनमध्ये आहे. पडद्यावर आलं, 'आक्का लय दुकान आलंय बसवेना झालंय'. मला वाटलं, दुकानात काम फार आलंय, बसायला फुरसत नाही. मी हसून म्हणाले, येऊ दे की, दिवसच ते आहेत. चार महिने सोसायचं, मग आहेच आराम. पडद्यावर काही आलं नाही. पंखा फिरत होता. मग तिनं विषय बदलला असावा, कारण पुढं भाचीच्या परीक्षेचं काहीतरी लिहिलेलं आहे.

पावसाळ्याच्या शेवटी तिचे डोळे पिवळे झाले आणि भाचीनं तिला दवाखान्यात नेलं. पोटात गाठ निघाली, पसरलेली. मी पोचले तेव्हा ती एकटीच खोलीत होती. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि इतके दिवस गप्प का बसलीस म्हणून विचारलं. ती सावकाश, एकेक शब्द तोडून बोलली. खोलीत दुसरा आवाज नव्हता, त्यामुळं मला सगळं कळलं.

"तुला तीनदा सांगितलं, लय दुखायलंय म्हणून. तू म्हणलीस, सोसायचं. मग सोसलं."

बाहेर बाकावर बसून मी फोन उघडला. ॲप सगळं बोलणं जपून ठेवतं. 'दुखायलंय'चं त्यानं 'दुकान आलंय' केलं होतं. खरंच तीनदा. तिन्ही वेळा मी दुकानाबद्दल बोलले होते. एकदा तर म्हणाले होते, कुणाकुणाला तेवढंही मिळत नाही.

आत जाऊन मी तिला सांगितलं की फोननं चुकीचं लिहिलं, मला दुसरंच वाटलं. तिनं माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाली. तेवढ्यात नर्स ट्रॉली घेऊन आत आली आणि त्या खडखडाटात तिचे शब्द गेले. पुन्हा सांग म्हणायचं धाडस मला झालं नाही. माफ केलं म्हणाली असेल. नसेलही. चार महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं का, असं डॉक्टरांना मुलानं विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हे उत्तर मला रोज वेगळं वाटतं.

ती दिवाळीच्या आत गेली. विहारातले लोक आले, वंदना झाली. सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते. मी मशीन काढून ठेवलं होतं.

भाचीनं नंतर वडिलांच्या गाण्यांची वही मागून नेली. तिला वाटत होतं की जयंतीला आजोबांचं एक तरी गाणं व्हावं. चाल सांग म्हणून ती माझ्यासमोर बसली. मी म्हणून दाखवलं, दोनदा, तीनदा. माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तिनं फोनवर लिहिलं, 'मावशी, दर वेळी वेगळं येतंय.' मी म्हणाले, मग राहू दे.

तिनं राहू दिलं नाही. वहीतले शब्द तिनं कॉम्प्युटरला दिले आणि त्यानं मिनिटभरात चाल लावली, वाद्यं भरली, एका बाईचा आवाजही घातला. अशी बाई कुठंच नाही, असं तिनं मला समजावून सांगितलं. जयंतीला पाथरीच्या मंडपात ते मोठ्या स्पीकरवर लावलं. खुर्चीच्या पाइपातून ढोल माझ्या पाठीला लागत होता. बाया टाळ्या वाजवत होत्या, पोरी नाचत होत्या, भाचीचे डोळे भरले होते. शेजारच्या बाईनं माझ्या हातातल्या फोनशी वाकून विचारलं, ते फोनवर लिहून आलं, 'तुमच्या वडिलांची चाल अशीच होती का?'

माहीत नाही, मी म्हणाले. तिला ते ऐकू गेलं नसावं, कारण तिनं मान डोलावली आणि परत टाळ्या वाजवू लागली.