दंडावरची देवी

मालू घरत हिनं काशीरामवर चार वर्षं डूख धरला, पण त्याच्या घरचं पाणी प्यायचं काही सोडलं नाही. भांडण दिसलं की समोरचा सावध होतो, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. गव्हाणच्या पुढे तिचं गाव. रोज सकाळी सुकट, सोडे आणि मोरा बंदराचे बोंबील टोपलीत भरून ती नवीन पनवेलला जाई आणि सेक्टरमधल्या बायकांशी घासाघीस करून दुपारी परत येई.

एकदा सोडे निवडता निवडता सुनंदा वहिनी म्हणाल्या, "मालू, आमच्या गेटवरचा नवा वॉचमन तुझा मुलगा ना? मिलिटरीत होता म्हणे."

"होता."

"मग सोडली का? इथे सगळे म्हणतात, इंजेक्शनला घाबरून पळाला. मी म्हटलं, काहीतरीच."

"वहिनी, सोडे घेताय का नुसते हुंगताय?"

वहिनींनी सोडे घेतले. मालूनं टोपली डोक्यावर घेतली आणि दोन गल्ल्या पुढे जाऊन, कुणी नाही असं बघून, तोंडावरून पदर फिरवला.

गोष्ट एवढीच होती. करोनाच्या दुसऱ्या वर्षी तिचा हरेश सुट्टीवर आला होता. लष्करात नायक, तेरा वर्षं झालेली. लस घ्यायचा हुकूम निघाला होता. जत्रा बंद, म्हणून गावदेवीच्या देवळात चैत्राची पूजा घरच्यापुरती झाली. मालू, हरेश आणि काशीराम, एवढेच तिथे. काशीराम गावदेवीचा भगत आणि मालूचा चुलत दीर. पूजा संपता संपता त्याच्या अंगात आलं. घुमत घुमत त्यानं हरेशचा दंड धरला. "या दंडाला सुई लागली, तर मी तुमचं घर सोडीन."

बर्फात उभं राहून पहारा केलेला हरेश त्या शब्दापुढे वाकला. पलटणीत जाऊन त्यानं अर्ज लिहिला, धर्माच्या कारणानं लस माफ व्हावी. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, तुझ्या देवाला चालत नाही, असं तुझ्या धर्माच्या माणसाकडून लेखी आण. हरेशनं फोन केला. काशीराम म्हणाला, "देवी कुठं सही करते का रे?" आणि फोन ठेवला. मग एक नोटीस आली, दुसरी आली, आणि पेन्शनला दोन वर्षं उरलेली असताना हरेशची वर्दी उतरली.

इथवर मालूनं सोसलं असतं. पण चौकशी आपल्यापर्यंत येईल या भीतीनं काशीरामनं गावात सांगितलं, "मी कुठं काय बोललो? पोरगं सुईला घाबरलं आन् देवीवर ढकलून मोकलं झालं." त्या दिवसापासून गाव हरेशला 'सुई' म्हणू लागलं. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याजवळ पहिल्या रांगेत त्याची खुर्ची असायची, ती कुणी मांडेना. हरेश उलटून बोलला नाही. "गेलं ते गेलं, आये," एवढंच म्हणायचा. "देवीचा शब्द तर राखला."

मालूला मात्र काशीरामच्या तोंडून, साऱ्या गावासमोर, खरं काढायचं होतं. भगतापुढे सुकट विकणाऱ्या विधवेचा शब्द कोण धरणार? तिचा शब्द धरला जाईल अशी एकच जागा होती. जिच्या अंगात येतं, तिला भगत खोटी म्हणत नाही. म्हणून तीन जत्रा ती काशीरामकडे नुसती बघत राहिली. मान कुठून वळते, श्वास कसा तुटतो, शब्द किती वेळानं येतो. चौथ्या वर्षी पालखी निघायच्या आधी ती गाभाऱ्याशी वाकली आणि पुटपुटली, "आई, नाव तुझं घेते. तोंड माझंच हाय. काय करायचं ते मला कर."

भर दुपारी, ढोल टिपेला गेलेला असताना, मालू घुमायला लागली. बायका बाजूला सरल्या. गावच्या धर्मराज पाटलांनी नारळ पुढे करून रीतीप्रमाणे विचारलं, "आई, काय पायजे तुला?"

"काशीराम."

काशीराम पुढे आला, हात जोडून.

"बाही वर कर."

त्यानं केली. दंडावर जुना, गोल, चुरगळलेला डाग होता. त्या वयाच्या साऱ्यांच्याच दंडावर असतो तसा.

"हे काय हाय?"

"देवी," काशीराम बोलून गेला. मग सावरून म्हणाला, "लहानपनी देवी काढलेली, आई."

"कशानं काढली?"

काशीरामच्या आधी मागून एक म्हातारी म्हणाली, "सुईनंच की. देवीच्या रोगाची लस ती. आमच्यापन हायेत."

"माझ्या नावाची सुई दंडावर मिरवतोस," मालू म्हणाली, "तवा मी तुझं घर सोडलं? आन् माझ्या पोराला सुई नको, असं मी बोलले का तू?"

काशीरामनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे फिरलेले नव्हते, त्याच्यावर रोखलेले होते. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं तिलाही कळलं. पण अंगात आल्याचं सोंग करता येतं, हे गावाला सांगायचं कुणी? चाळीस वर्षं घुमलेल्या काशीरामनं?

"मी बोललो," तो म्हणाला. "देवी नाय."

"आन् पोर घाबरलं, हे?"

"तेपन मीच."

ढोल केव्हाच थांबला होता. धर्मराज पाटील गर्दीतून हरेशपाशी गेले आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "गाव चुकलं, बाबा." काशीराम बाही खाली करायचंही विसरून तसाच उभा होता. मालूनं ते डोळे भरून पाहिलं. तिला त्याची कणभरही दया आली नाही.

घरी आल्यावर तिनं कपाळ धुतलं. हरेश उंबऱ्यात बसला होता. नाव धुऊन निघालेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता.

"आये, आज तुझ्या अंगात कोन आलतं?"

'देवी' म्हटलं असतं, तर त्याची देवी त्याला परत मिळाली असती. शब्द तिच्या ओठावर आलाही. पण मग तिच्यात आणि काशीराममध्ये फरक काय उरला असता? त्या माणसाच्या पंगतीला बसायची तिची तयारी नव्हती.

"मीच होते," ती म्हणाली. "देवी असती तर त्याला एवढ्यावर सोडला नसता."

हरेशनं हळूच मान हलवली. पलीकडे देवळाशी भगताशिवायच पालखी उचलली गेली.

"मग चार वर्षं मी कोनाचा शब्द राखला?"

मालू आत गेली आणि त्याच्यासाठी ताट वाढू लागली.