अण्णांचे ठिपके

राजाजीनगरातला कोणता माणूस आत्ता कुठे आहे, हे फक्त दोघांना ठाऊक असतं: एक परमेश्वर आणि दुसरे आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा. त्यातला परमेश्वरही अण्णांना विचारून खात्री करून घेत असावा. अण्णा मूळचे निपाणीचे, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आणि हौशी रेडिओचं लायसन्स बाळगून असलेले. गच्चीत कपड्यांच्या दोऱ्यांमधून त्यांची अँटेना उभी आहे. तिच्यावर मी एकदा चादर वाळत घातली, तर दोन दिवस त्यांनी अबोला धरला. त्यांच्या मित्रांच्या खिशातले वॉकीटॉकीसारखे सेट दर दोन मिनिटांनी आपला ठावठिकाणा हवेत सोडतात आणि तो अण्णांच्या कॉम्प्युटरवर नकाशात उमटतो. अण्णा त्याला ठिपका म्हणतात, पण असतं ते छोटं चित्र: चालणाऱ्यासाठी माणूस, सायकलवाल्यासाठी सायकल. ज्याने त्याने आपल्या सेटवर निवडायचं. एकदा एक मित्र रेडिओवर म्हणाला, "अण्णा, लग्नाला पोचलो." ठिपका जे. पी. नगरात, त्याच्या राहत्या घरी. अण्णा शांतपणे म्हणाले, "मग हॉल तुझ्याकडं आलाय काय रे?"

माझ्या नवऱ्यालाही त्यांनी अभ्यास करायला लावून, परीक्षेला बसवून लायसन्स मिळवून दिलं. मला हे खूळ पसंत नव्हतं. प्रवासाच्या सामानाची यादी मी दाराला चिकटवते. तिच्यात हा सेट मुद्दाम शेवटी लिहिला, तरी नवऱ्याने तोच पहिला भरला.

गेल्या हिवाळ्यात तो चार मित्रांबरोबर घाटात ट्रेकला गेला. तिथे मोबाइलला रेंज नाही. रविवारी दुपारी भाजी घेऊन येताना, कुठवर आलेत बघावं म्हणून मी वर डोकावले. नकाशावर नवऱ्याचा ठिपका होता, पण चालणाऱ्या माणसाच्या जागी ॲम्ब्युलन्स.

"अण्णा, हे काय?"

"ॲम्ब्युलन्स," अण्णा म्हणाले, जशी काही मला ती दिसतच नव्हती. "मी मेसेज टाकलाय. उत्तर नाही अजून."

मी भाजीची यादी उलटी केली आणि मागे लिहायला लागले: एक, विम्याचं कार्ड. दोन, गाडी कोणाची मिळेल. तीन, सासूबाईंना इतक्यात सांगायचं नाही. चार लिहिताना पेन चालेना.

"अक्का, स्वल्प थांबा. ते लिहिणं बंद करा आधी." अण्णांनी गाडीच्या मागावर बोट फिरवलं. "एवढ्या हळू कोण पेशंट नेतंय? आणि हे बघा, इथं वीस मिनिटं उभी आहे."

"कुठे?"

त्यांनी नकाशा मोठा केला. समोर हॉटेल. "ॲम्ब्युलन्स इडलीला थांबती होय?"

तेवढ्यात मेसेज आला. अण्णांनी मोठ्याने वाचला: "सगळे ठीक. परतीला व्हॅन मिळाली. चित्र बदललंय."

सेटवरच्या लांबलचक यादीत बटण दाबत दाबत नवरा व्हॅनऐवजी ॲम्ब्युलन्सवर थांबला होता. अण्णांनी उत्तर धाडलं: "व्हॅन नव्हे, ॲम्ब्युलन्स लावलीयस. घरी अक्का रडतेय. बदल."

"मी रडत नव्हते."

"मग डोळे पुसा की."

दोन मिनिटांनी ॲम्ब्युलन्स गेली आणि तिथे एक गुबगुबीत व्हॅन आली. इतकी देखणी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. मी स्टुलावर बसून हसत सुटले आणि हातातली सगळी भाजी अण्णांना देऊन टाकली.

मग पहिल्यांदाच नकाशा नीट पाहिला. वीसेक चित्रं हलत होती. एक छोटं घर तेवढं जागच्या जागी.

"हे कोण?"

"मी."

"तुम्ही कुठे जात नाही?"

"बायको होती तेव्हा जायचो." अण्णा शेंगा निवडायला लागले. "आता एवढे सगळे बाहेर पडलेत. कुणीतरी घरी बसून बघायला नको?"

माझ्याकडे सेट नाही आणि मी घेणारही नाही. पण हल्ली बाहेर पडताना जिन्यातून ओरडून सांगते, "अण्णा, बँकेत चाललेय, साडेबाराला परत." वरून "सरी", म्हणजे कानडीत "बरं", असं येतं. साडेबारा टळायला लागले, की रस्त्यात माझी पावलं आपोआप भरभर पडतात.